स्पर्धेच्या प्रणालीत संघांची एकगठ्ठा नोंद: आधी ओळखक्रमांक, मग फाइल

साताऱ्यातील एका महाविद्यालयाच्या संगणक विभागातील प्राध्यापकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या आंतरमहाविद्यालयीन प्रोग्रॅमिंग स्पर्धेसाठी ११२ संघांनी गूगल फॉर्मवर नोंदणी केली आहे आणि स्पर्धा डॉमजज या प्रोग्रॅमची उत्तरे आपोआप तपासणाऱ्या प्रणालीवर घ्यायची आहे. एवढे संघ हाताने भरणे अवघड म्हणून त्यांनी एक्सेलच्या यादीवरून जेसन फाइली (प्रत्येक माहितीपुढे तिच्या रकान्याचे नाव असलेल्या मजकूर-फाइली) तयार करून चढवल्या. आयात यशस्वी झाल्याचा संदेश आला. तरीही स्कोअरबोर्डवर काही महाविद्यालयांच्या नावाच्या जागी नुसते अंक दिसतात, आणि लॉगिन करणाऱ्या विद्यार्थ्यांना आपल्या खात्याला संघच जोडलेला नाही असे कळते. शिवाय दुरुस्त केलेली फाइल पुन्हा चढवल्यावर संघांची संख्या ११२ ची २२४ झाली. सगळे पुसून नव्याने सुरुवात करावी का, असे त्यांनी विचारले आहे.

होय, पुसावेच लागेल, आणि स्पर्धा अजून झालेली नसल्यामुळे त्यात नुकसान काही नाही. मात्र पुसण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी, नाहीतर पुढच्या खेपेस हेच पुन्हा घडेल. आपण सांगितलेले तिन्ही दोष वेगवेगळे वाटत असले तरी त्यांचे मूळ एकच आहे: आपल्या नोंदींना आपण स्वतः दिलेले, न बदलणारे ओळखक्रमांक नाहीत. आपण फाइलीत नावे भरली. प्रणाली मात्र नावांवर चालत नाही, क्रमांकांवर चालते. एकगठ्ठा आयात ही एकदाच करायची गोष्ट आहे असे गृहीत धरले की हा घोळ होतो. माझ्या अनुभवात कोणत्याही स्पर्धेची यादी किमान आठ-दहा वेळा चढवावी लागते, आणि शेवटची खेप बहुधा स्पर्धेच्या दिवशी सकाळी असते. म्हणून तीच फाइल कितीही वेळा चढवली तरी परिणाम तोच राहील, अशी तिची रचना सुरुवातीपासून असायला हवी.

आता प्रणाली आत काय करते ते पाहू. संघांविषयीची माहिती चार फाइलींत विभागलेली असते: गट, संस्था, संघ आणि खाती. त्या याच क्रमाने चढवाव्यात, कारण संघाच्या नोंदीत गटाचा व संस्थेचा क्रमांक असतो आणि खात्याच्या नोंदीत संघाचा. क्रम चुकला तर प्रणालीने तक्रार करावी अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात संघाच्या फाइलीत असा एखादा गट किंवा संस्था आढळली जी अद्याप नोंदलेली नाही, तर डॉमजज थांबत नाही. त्या क्रमांकाची एक रिकामी नोंद स्वतःच तयार करते आणि ती आयातीच्या वेळी आपोआप तयार झाली आहे असे तिच्या नावातच लिहून ठेवते. आपल्या स्कोअरबोर्डवर दिसणारे अंक म्हणजे या पोकळ नोंदी आहेत. करणाऱ्यांचा हेतू चांगला असावा, पण मला ही सोय कधीच आवडलेली नाही; कारण चूक लपते आणि वर ‘यशस्वी’ असा शिक्का बसतो. तो संदेश फाइल वाचता आली एवढेच सांगतो. त्यामुळे प्रत्येक आयातीनंतर संस्थांची आणि गटांची यादी उघडून त्यात अनोळखी नोंद आली आहे का, हे डोळ्यांनी पाहणे भाग आहे.

लॉगिनचा दोष त्याच जातीचा आहे. जेसन किंवा यॅमल (जेसनसारखाच दुसरा मजकूर-प्रकार) प्रकारच्या खात्यांच्या फाइलीत प्रत्येक खात्यासमोर ‘टीम_आयडी’ हा रकाना असावा लागतो आणि खात्याचा प्रकार ‘टीम’ असा लिहावा लागतो. आपण पाठवलेल्या नमुन्यात वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि प्रकार आहेत; टीम_आयडी नाही. खाते तयार झाले, पासवर्डही चालला, पण ते खाते कोणत्या संघाचे हे प्रणालीला सांगणारे काही उरले नाही. खात्याचे नाव आणि संघाचे नाव सारखे ठेवले की जोडणी आपोआप होईल, असा समज पुष्कळांचा असतो. तो बहुधा जुन्या टॅबविभक्त फाइलींमुळे झाला असावा. त्या प्रकारात वापरकर्त्याच्या नावातील अंक काढून त्यावरून संघ शोधला जातो, म्हणजे ‘टीम१०७’ हे खाते १०७ क्रमांकाच्या संघाला जोडले जाते. तिथेही जोडणारा दुवा अंकाचाच आहे, नावाचा नाही. नवीन काम करणाऱ्याने टॅबविभक्त प्रकाराच्या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे. एखाद्या संघाच्या नावात चुकून टॅब आला की पुढचे सगळे रकाने एकेक घर सरकतात, आणि ते पटकन लक्षातही येत नाही.

राहिला दुप्पट संख्येचा प्रश्न. संघाच्या नोंदीत आयडी दिलेला असेल तर डॉमजज त्या आयडीचा संघ शोधते, सापडला तर त्याची माहिती बदलते, नाही सापडला तर नवा संघ तयार करते. आयडी दिलेलाच नसेल तर प्रत्येक ओळ नवी समजली जाते. आपण दुसऱ्यांदा फाइल चढवली तेव्हा तिच्या दृष्टीने ११२ नवे संघ आले होते. यासोबत एक उलट गोष्टही ध्यानात ठेवावी: फाइलीतून काढून टाकलेला संघ प्रणालीतून आपोआप जात नाही. माघार घेतलेला संघ हाताने पुसावा लागतो किंवा लपवलेल्या गटात टाकावा लागतो. मी दुसरा मार्ग पत्करतो, कारण साडेनऊला माघार घेतलेला संघ पावणेदहाला दारात उभा राहिल्याचे मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिले आहे.

तेव्हा फाइलींकडे जाण्यापूर्वी एक मूळ तक्ता करावा आणि यापुढे सर्व दुरुस्त्या फक्त त्याच तक्त्यात कराव्यात. फॉर्मचे उत्तरपत्रक म्हणजे हा तक्ता नव्हे. उत्तरपत्रकात लोक ओळी पुसतात, दोनदा भरतात, क्रमवारी बदलतात. त्यामुळे ‘ओळ क्रमांक’ हा ओळखक्रमांक म्हणून कधीही वापरू नये. मूळ तक्त्यात प्रत्येक संघाला आपण क्रमांक द्यावा आणि तो एकदा दिला की संघ रद्द झाला तरी दुसऱ्याला देऊ नये. क्रमांक १ पासून सुरू करू नयेत; बऱ्याच स्थापनांत तो क्रमांक प्रणालीने स्वतःच्या चाचणीसंघाला दिलेला असतो, आणि आपला पहिला संघ त्याच्यावर जाऊन बसतो. मी १०१ पासून सुरुवात करतो. तीन अंकी संख्या, प्रश्न सोडवणाऱ्या संघांना फुगे वाटणाऱ्या स्वयंसेवकांनाही टेबलावर लावलेल्या कागदावरून लांबून वाचता येते, आणि क्रमांकापूर्वी शून्य लावावे की नाही हा वादच उद्भवत नाही. जेसनमध्ये हे क्रमांक अवतरणचिन्हांत, म्हणजे मजकूर म्हणून लिहावेत. एका फाइलीत ‘००७’ आणि दुसरीत ७ लिहिले गेले तर आपल्याला ते एकच वाटतात, प्रणालीला नाही.

सर्वांत जास्त वेळ जातो तो संस्थांच्या नावांत, आणि इथे आपल्या भागाच्या काही खास अडचणी आहेत. फॉर्मवर महाविद्यालयाचे नाव मोकळ्या चौकटीत लिहायला दिले की एकाच संस्थेची पाच रूपे येतात. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी कोणी पूर्ण नाव लिहितात, कोणी नुसते ‘वालचंद’, तर कोणी इंग्रजी आद्याक्षरे. इस्लामपूरच्या संघांपैकी काही जण गावाचे नाव ईश्वरपूर लिहितात. कराड आणि कऱ्हाड ही दोन्ही रूपे चालतात. त्याहून बिकट म्हणजे ‘कऱ्हाड’ हा एकच शब्द पडद्यावर अगदी सारखा दिसूनही संगणकात दोन प्रकारे साठवलेला असू शकतो. त्यातील अर्धा र काही कळफलक स्वतंत्र ‘ऱ’ या वर्णाला हलन्त लावून तयार करतात, तर काही साध्या ‘र’ ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह लावून. युनिकोडच्या नेहमीच्या प्रमाणीकरणाने ही दोन रूपे एक होत नाहीत; फाइली तयार करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे छोट्या प्रोग्रॅममध्ये, स्वतंत्र ओळ लिहून ती एकत्र आणावी लागतात. मी एकदा एका महाविद्यालयाच्या दोन नोंदी समोरासमोर ठेवून तासभर बघत बसलो होतो आणि फरक दिसत नव्हता, तेव्हा हे शिकलो.

यावर उपाय असा की संस्थांची यादी आपणच आधी करावी, प्रत्येकीला छोटा क्रमांक द्यावा, आणि फॉर्ममध्ये नाव लिहायला न देता त्या यादीतून निवडायला लावावे. आता फॉर्म भरून झालेला असल्यामुळे आपल्याला मधला तक्ता करावा लागेल: डावीकडे विद्यार्थ्यांनी लिहिलेले प्रत्येक वेगळे रूप, उजवीकडे आपला संस्थाक्रमांक. ११२ संघांत अशी फार तर पन्नास-साठ रूपे निघतील. तासाभराचे काम आहे आणि ते माणसानेच करावे. अंदाजाने जुळवणारी साधने मी वापरून पाहिली आहेत. एकाच शिक्षणसंस्थेची सातारा आणि कराड अशा दोन गावांतील महाविद्यालये ती बेधडक एक करून टाकतात.

नावांच्या लिपीविषयी आणखी एक. काही महाविद्यालयांच्या कार्यालयांतून येणाऱ्या याद्या अजूनही श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या असतात. त्या फाइलीत मराठी अक्षरे नसतातच. रोमन चिन्हे असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. ती जशीच्या तशी चढवली तर स्कोअरबोर्डवर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. अशी यादी आली तर ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावी आणि त्यानंतर जोडाक्षरे माणसाकडून तपासावीत.

एक्सेलविषयी माझे मत फारसे चांगले नाही, तरी ते टाळता येत नाही हेही खरे. ते माहिती उघडतानाच तिचा अर्थ लावू लागते. ‘२२ई०७’ असा हजेरी क्रमांक रोमन लिपीत लिहिला असेल तर एक्सेल त्याला घातांकातील संख्या समजून २.२०ई+०८ करते, ‘३-१’ अशा नावाचा संघ तीन जानेवारी किंवा एक मार्च होतो, सुरुवातीची शून्ये गळतात, आणि सोळा अंकी पीआरएन (विद्यापीठाने विद्यार्थ्याला दिलेला कायम नोंदणीक्रमांक) असेल तर शेवटचा अंक शून्य होतो, कारण एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच अचूकता राखते. हा शेवटचा बदल एकदा जतन झाला की मूळ अंक परत मिळत नाही. म्हणून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) फाइल दोनदा टिचकी मारून उघडू नये. रिकाम्या पानावर ती आयात करून सर्व रकाने मजकूर म्हणून ठरवावेत. परत जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडले नाही तर मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात, आणि निवडले तर फाइलीच्या अगदी सुरुवातीला तीन अदृश्य बाइट येतात, ज्यांमुळे स्क्रिप्टला पहिल्या रकान्याचे नाव ओळखू येत नाही. पायथॉनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ दिले की ही बाधा टळते. व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या नावांत न तुटणारी मोकळी जागा आणि शेवटी रेंगाळणारी स्पेस असते. ती प्रत्येक रकान्यातून काढून टाकावी.

मूळ तक्त्यावरून चारही फाइली स्क्रिप्टने तयार व्हाव्यात, हाताने एकही नाही. शे-दीडशे ओळींची पायथॉन स्क्रिप्ट पुरते. फाइल लिहिण्यापूर्वी तिने काही गोष्टी तपासून नकार द्यायला शिकावे: एकच आयडी दोनदा आलेला नाही, प्रत्येक संघाचा गट आणि संस्था यादीत आहे, एकाच विद्यार्थ्याचा पीआरएन दोन संघांत नाही, सदस्यसंख्या तीनहून अधिक नाही. प्रणाली जिथे गप्प राहते तिथे आपल्या स्क्रिप्टने ओरडावे. विद्यार्थ्यांचे मोबाइल क्रमांक आणि ईमेल मात्र मूळ तक्त्यातून आयातीच्या फाइलीत उतरवू नयेत. स्पर्धेला त्यांची गरज नसते.

गटांच्या फाइलीत ‘सॉर्टऑर्डर’ नावाचा एक रकाना असतो आणि त्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. ज्या गटांचा सॉर्टऑर्डर सारखा, ते एकमेकांशी स्पर्धेत असतात. वेगळा असला तर त्यांची क्रमवारी स्वतंत्र लागते आणि लहान अंकाचा गट वर दिसतो. आपण प्रथम वर्ष, मुख्य गट आणि पाहुणे संघ असे तीन गट सांगितले आहेत. प्रथम वर्षाला वेगळे बक्षीस असले तरी ते मुख्य क्रमवारीतही मोजायचे असतील, तर दोघांचा सॉर्टऑर्डर सारखा ठेवावा लागेल. हा निर्णय परीक्षकांनी आधी करायचा आहे. बक्षीसवाटपाच्या वेळी त्यावर चर्चा सुरू झालेली बघवत नाही.

पासवर्डांच्या बाबतीत मी एकदा जी चूक केली ती सांगतो, कारण आपली स्क्रिप्टही बहुधा तेच करेल. खात्यांची फाइल तयार करताना माझी स्क्रिप्ट प्रत्येक वेळी नवे पासवर्ड काढत असे. आदल्या संध्याकाळी आम्ही सर्व संघांच्या चिठ्ठ्या छापून, कापून, लखोट्यांत घातल्या. रात्री दोन संघांतील सदस्यांची अदलाबदल कळली, मी तक्ता दुरुस्त केला आणि सवयीने चारही फाइली पुन्हा चढवल्या. खाते आधीपासून असेल तर आयात त्याचा पासवर्ड बदलते. तिने तेच केले. सकाळी एकाही लखोट्यातील पासवर्ड चालेना. स्पर्धा पाऊण तास उशिरा सुरू झाली आणि सांगलीच्या त्या प्रयोगशाळेतील प्रिंटरने त्या दिवशी साथ दिली म्हणून एवढ्यावर निभावले. तेव्हापासून पासवर्ड एकदाच काढून मूळ तक्त्यातच संघाच्या क्रमांकासमोर ठेवतो. ज्या संघाला नसेल त्यालाच नवा. प्रणालीत पासवर्ड उलगडता न येणाऱ्या रूपात साठवलेले असतात, त्यामुळे आपल्याकडची प्रत हरवली तर ते तिच्याकडून परत मिळवता येत नाहीत. शून्य आणि ओ, एक आणि लहान एल यांसारखी फसवी अक्षरे पासवर्डात नसावीत, आणि यॅमल वापरत असाल तर केवळ अंकांचा पासवर्ड अवतरणचिन्हांत लिहावा, अन्यथा तो संख्या म्हणून वाचला जातो.

स्पर्धेच्या स्वतःच्या फाइलीत गडबड होण्याजोगे एकच ठिकाण आहे, ते म्हणजे सुरुवातीची वेळ. तिच्यापुढे +०५:३० लिहावे. दुसरीकडचा नमुना उचलून शेवटी ‘झेड’ राहू दिला तर ती वेळ जागतिक प्रमाणवेळ ठरते, आणि सकाळी दहाची स्पर्धा दुपारी साडेतीनला सुरू होईल असे घड्याळ दाखवू लागते. तसेच स्पर्धा सर्व संघांना खुली ठेवलेली नसेल तर तिच्यात गट किंवा संघ स्वतंत्रपणे जोडावे लागतात. हे राहिले तर लॉगिन व्यवस्थित होते, संघाचे नावही दिसते, पण समोर स्पर्धाच नसते.

प्रश्नांच्या झिप फाइली हा वेगळा आणि मोठा विषय आहे. इथे आयातीपुरतेच सांगतो. झिपमध्ये नमुना आणि गुप्त चाचण्यांसोबत परीक्षकांची उत्तरेही घालावीत, बरोबर आणि मुद्दाम चुकीची दोन्ही, आपापल्या फोल्डरांत. आयात करणाऱ्या प्रशासकाच्या खात्याला एखादा संघ जोडलेला असेल तरच ही उत्तरे तपासणीसाठी दाखल होतात, हे ठाऊक नसल्यामुळे अनेकांना ती कुठे गेली याचा उलगडा होत नाही. मोठ्या चाचण्यांची झिप चढत नसेल तर दोष झिपमध्ये शोधू नये. डॉमजज ज्या भाषेवर चालते त्या पीएचपीची मूळ मर्यादा एका फाइलीस २ एमबी आणि एकूण विनंतीस ८ एमबी असते, आणि पुढे एनजिनएक्स हा स्वतंत्र वेबसर्व्हर बसवला असेल तर त्याची मूळ मर्यादा अवघी १ एमबी असते. डॉमजजसोबत येणाऱ्या मांडणीत या मर्यादा वाढवलेल्या असतात. महाविद्यालयाच्या सर्व्हरवर मध्ये कोणी आणखी एक दार बसवले असेल तर तिथे अडते.

फाइली वेबपानावरून चढवाव्यात की एपीआयने (म्हणजे प्रोग्रॅममधून थेट प्रणालीला विनंती पाठवून), असेही आपण विचारले आहे. पहिल्या खेपेस वेबपानावरून करावे, चुका समोर दिसतात. त्यानंतर चारही विनंत्या कर्ल या आज्ञेने क्रमवार पाठवणारी छोटी शेल स्क्रिप्ट करावी. प्रत्येक विनंतीत जेसन फाइल जोडायची आणि प्रशासकाच्या खात्याने ओळख पटवायची, एवढेच तिचे काम. माणसाच्या हातून रात्री अकरा वाजता क्रम चुकतो, स्क्रिप्टच्या हातून चुकत नाही. तिच्या पहिल्या ओळीत डेटाबेसची प्रत काढण्याची आज्ञा असू द्यावी आणि प्रतीच्या नावात तारीख व वेळ असावी.

आता आपल्या सद्यस्थितीबद्दल. २२४ संघांतून खरे ११२ वेचत बसू नका. डेटाबेसची एक प्रत काढून ठेवा, ‘डीजे_सेटअप_डेटाबेस’ या साधनाने तो नव्याने उभा करा, आणि मूळ तक्ता तयार झाल्यावर आधी फक्त पाच संघ चढवा: दोन गट, दोन संस्था, एक मराठी नाव, एक अवतरणचिन्ह असलेले नाव आणि एक तीन सदस्यांचा पूर्ण संघ यांत यावा. त्या पाचही खात्यांनी लॉगिन करून एकेक उत्तर पाठवून पाहा. मग तीच फाइल काही न बदलता पुन्हा चढवा. संघ पाचच राहिले, संस्थांच्या यादीत नवे काही आले नाही आणि जुने पासवर्ड चालले, तर उरलेले १०७ संघ बिनधास्त चढवा. सहा झाले तर मूळ तक्त्यात कुठेतरी आयडीचा रकाना रिकामा आहे.

स्पर्धेच्या सकाळी बदल येतीलच. त्यासाठी नोंदणीच्या टेबलावर एकच व्यक्ती नेमा, तिच्याकडे कागदावर संघक्रमांकानुसार यादी द्या, आणि सदस्यबदल तिने त्या कागदावर क्रमांकासमोर लिहून आपल्याकडे पाठवावा. आपण तो मूळ तक्त्यात भरून संघांची फाइल तेवढी चढवायची. खात्यांच्या फाइलीला त्या दिवशी हात लावायचा नाही. आयत्या वेळी येणाऱ्या संघांसाठी मी नेहमी पाच रिकामे संघ, त्यांची खाती आणि बंद लखोटे आदल्या दिवशीच करून ठेवतो, २९१ ते २९५ या क्रमांकांचे, लपवलेल्या गटात. नवा संघ आला की त्याला लखोटा द्यायचा आणि तक्त्यात नाव, संस्था व गट बदलायचा.